कुलूप, किल्ली आणि लायसोझाइमचे गणित

विकर, म्हणजे एन्झाइम, शिकवताना आपण सारेच फळ्यावर कुलूप-किल्लीची आकृती काढतो. एमिल फिशर यांची ही उपमा १८९४ सालची. कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, हे ती छान सांगते. पण किल्ली आत गेल्यावर तिचे दोन तुकडे का होतात, याविषयी ती गप्प आहे. नेमके तेच समजून घेण्याचा प्रयत्न आरिये वॉर्शेल आणि मायकेल लेव्हिट यांच्या १९७६ च्या शोधनिबंधात आहे. अशाच प्रकारच्या कामासाठी त्यांना आणि मार्टिन कारप्लस यांना २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाने दिपून न जाता हा निबंध वाचावा, असे आम्हांला वाटते.

त्यांनी निवडलेले विकर कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्या भागातले, लायसोझाइम. ते जिवाणूंच्या भित्तिकेतील शर्करांची साखळी तोडते. डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने १९६५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली. तिच्यावरून असे मानले गेले, की विकराच्या खाचेत बसताना साखळीतले चौथे कडे पिळले जाते आणि त्या ताणामुळे बंध तुटणे सोपे होते. (ताणाची कल्पना जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३० मध्येच मांडली होती. उत्तरायुष्यात भारतात येऊन राहिलेले, तेच हे हाल्डेन.)

लायसोझाइममध्ये १२९ अमिनो आम्ले, म्हणजे हजारावर अणू. सगळ्यांना पुंजयांत्रिकी लावणे त्या काळच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून लेखकांनी वाटणी केली. बंध जिथे तुटतो तिथल्या मोजक्या अणूंना पुंजयांत्रिकी, उरलेल्या प्रथिनाला गोळे आणि स्प्रिंगा यांचे साधे गणित. भोवतालचे पाणीही हिशेबात धरले. उत्तर आले ते असे, की ताणाचा वाटा किरकोळ! कारण कुलूपच मऊ आहे. प्रथिन किंचित सरकते आणि ताण विरून जातो. बंध तुटताना शर्करेवर धनभार येतो, त्याला जवळच्या ॲस्पार्टिक आम्लाचा ऋणभार सावरून धरतो. खरी मदत ती. नुसती रचना न्याहाळून हे कळले नसते, त्यासाठी ऊर्जा मोजावीच लागते. निबंधाचे मोठेपण आम्हांला इथे दिसते.

उणीवही इथेच आहे. शर्करेचा धन-आयन बनतो, हे गृहीत धरून गणित मांडले होते. संगणकाने ते शोधून काढले नव्हते. 'संगणकाच्या पडद्यावर क्रिया घडताना पाहिली' असे कुणी लिहिले, की आम्ही अडखळतो ते यासाठी. अशा विकरात आम्ल शर्करेशी तात्पुरता सहसंयुज बंधच जोडत असेल, हे डॅनियल कोशलँड यांनी १९५३ मध्ये सुचवले होते. २००१ मध्ये स्टीफन विदर्स आणि सहकाऱ्यांनी एक अमिनो आम्ल बदललेले लायसोझाइम व फ्लोरीन जोडलेली शर्करा वापरून क्रिया मध्येच रोखली, तेव्हा तो बंध खरोखर सापडला. पुढे याच वाटणीच्या पद्धतीने केलेल्या गणितांनीही त्याला दुजोरा दिला. आता तो प्रश्न त्यांना विचारलेला होता.

ऋणभार धनभाराला सावरतो, हा १९७६ चा मुद्दा मात्र याने खोडला गेला नाही. तो बंध जुळताना आणि पुन्हा तुटताना ज्या क्षणिक अवस्था येतात, त्यांत शर्करेवर बराच धनभार असतोच.