भग्नावशेषांचे वय

अद्भुतकादंबरीच्या लेखकाला पडका बुरूज उभारायला एक वाक्य पुरते. तो हजार वर्षांचा की पाच हजारांचा, हे ठरवायला त्या वाक्यातला एक आकडा पुरतो. या आकड्याची झडती सहसा कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखात ती घ्यायची आहे, मुख्यतः जे. आर. आर. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीच्या आधारे. तिथे परिशिष्टांत सनावळ्या दिलेल्या आहेत, त्यामुळे हिशेब मांडता येतो. शिवाय या प्रकारातल्या पुढच्या कितीतरी लेखकांनी आपले पडके वाडे तिथूनच उचलले आहेत.

आधी सामग्री. लाकूड किती टिकते, याला एकच उत्तर नाही. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगडावर आग लागली, वाड्यांचे लाकूडकाम गेले आणि आज दोनशे वर्षांनी आपण तिथे जोती पाहतो. उलट कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे छताला धरून आहेत, कारण त्यांच्या डोक्यावर अख्खा डोंगर आहे. टॉल्किनला हा फरक कळत होता. मोरियाच्या भुयारी दालनात बालिनच्या वसाहतीची फाटकी, अर्धवट जळालेली वही सापडते, ती अवघ्या पंचवीस वर्षांची आहे. तिच्याबद्दल शंका घ्यायचे कारण नाही.

लोखंडाचे मात्र अवघड आहे. हॉबिटांना थडग्याच्या टेकडीत कट्यारी मिळतात त्या सोळाशे वर्षांच्या आसपासच्या, तरी लखलखीत आणि धारदार. इंग्लंडमध्ये सटन हू इथे १९३९ साली सातव्या शतकातले असेच एक थडगे उकरले गेले. जवळजवळ सत्तावीस मीटर लांबीच्या जहाजाचे लाकूड पार नाहीसे झाले होते. वाळूत त्याचा ठसा आणि गंजलेल्या खिळ्यांच्या रांगा तेवढ्या उरल्या होत्या. तलवार म्यानातच गंजून बसली होती आणि सोने मात्र काल पुरल्यासारखे होते. टॉल्किन त्या काळी ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक होता. कट्यारींवर मंत्रांचे संरक्षण आहे असे तो सांगतो, आणि ही सबब मला मान्य आहे. निदान सबब द्यावी लागते याची जाणीव त्यात आहे.

पण ऊन, पाऊस आणि गंज यांचा हिशेब करून भागत नाही. इमारतीचा खरा भक्षक शेजारी राहणारा माणूस असतो. ब्रिटनमधली हेड्रियनची भिंत इ. स. १२२ च्या सुमारास बांधायला घेतली. रोमन निघून गेल्यावर तिचे घडीव दगड शेतघरांत गेले, चर्चच्या भिंतींत गेले, आणि अठराव्या शतकात लष्करी रस्ता करताना लांबच लांब पट्टा त्याच्या पायाखाली घातला गेला. हडप्प्याच्या भाजक्या विटा चार हजारांहून अधिक वर्षे शाबूत होत्या. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या ठेकेदारांनी त्या रुळांखाली अंथरल्या. रावीकाठच्या ऊन-पावसाला जे चार सहस्रकांत जमले नाही, ते तिथे थोडक्या वर्षांत झाले. बामियानचे बुद्ध सुमारे चौदाशे वर्षे उभे होते, आणि मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून ते उडवायला काही आठवडे पुरले.

म्हणून पडक्या बुरुजाबाबत विचारायचा प्रश्न असा: नंतर त्याच्या आसपास कोण राहत होते? टॉल्किनचा वेदरटॉप इथे उत्तीर्ण होतो. टेकडीवरचा तो मनोरा तिसऱ्या युगाच्या १४०९ साली जाळला-पाडला गेला आणि फ्रोडो तिथे पोचतो ३०१८ साली. सोळाशे नऊ वर्षांनी माथ्यावर दगडांचे मोडके कडे उरले आहे, ते पटते, कारण भोवतालचा मुलूख युद्धांनी आणि साथीने ओस पडलेला आहे. ब्री गावात दगडी घरे आहेत खरी, पण ब्री पायी कित्येक दिवसांच्या अंतरावर आहे, आणि घर बांधणारा माणूस इतक्या लांबून दगड वाहत नाही. (सुलतान वाहतो, त्याच्याकडे वळतोच आहे.) अवशेष टिकण्याची किंमत टॉल्किनने निर्मनुष्य प्रदेशाने चुकवली आहे. त्याचे अनुकरण करणारे बुरूज घेतात, ही किंमत मात्र देत नाहीत. भरल्या बाजारपेठेच्या वेशीबाहेर तीन हजार वर्षांचा देखणा राजवाडा उभा असतो आणि त्याचा एक चिराही कोणाच्या गोठ्यात गेलेला नसतो!

जॉर्ज आर. आर. मार्टिनची सातशे फूट उंच बर्फाची भिंत आठ हजार वर्षांची सांगितली जाते. एवढे बर्फ स्वतःच्याच भाराने पसरू लागेल, हा आक्षेप जादूपुढे चालत नाही. मला अधिक मोलाची वाटते ती मार्टिनची एक बारीक खेळी. भिंतीवरच्या पथकाचा जॉन हा नऊशे अठ्ठ्याण्णवावा सेनापती म्हणवला जातो, आणि ग्रंथालयात धुंडाळणाऱ्या सॅमला मिळालेल्या सर्वांत जुन्या यादीत सहाशे चौऱ्याहत्तरच नावे असतात. म्हणजे ते आकडे दंतकथेचे असू शकतात, हे लेखकाने पात्रालाच ओळखू दिले.

इथून आपण दगडाकडून आठवणीकडे येतो, आणि माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. सोळाशे वर्षांनी वेदरटॉपवर उभा राहून ॲरागॉर्न तो मनोरा कोणी बांधला, कोणी पाडला आणि त्याही आधी तिथे कोण कोणाची वाट पाहत उभे होते, हे बिनचूक सांगतो. आता आपल्याकडचे सोळाशे वर्षांचे अंतर पाहा. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तोप्रा गावातला अशोकस्तंभ दिल्लीला आणवला. कापसाच्या गादीवर आडवा करून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवून, पुढे यमुनेतून नावांवर. हे सगळे शम्स सिराज अफीफने तपशिलाने लिहून ठेवले आहे. स्तंभावरची अक्षरे स्पष्ट होती. ती वाचायला ब्राह्मण बोलावले गेले, आणि एकालाही वाचता आली नाहीत. काहींनी म्हणे असा अर्थ लावला की फिरोज नावाचा सुलतान येईपर्यंत हा खांब कोणालाही हलवता येणार नाही. लोक त्याला भीमाची काठी समजत. ब्राह्मीचा उलगडा प्रिन्सेपने केला तो १८३७ साली.

नाशिकच्या पांडवलेण्यांचे नावच या विस्मरणाची साक्ष देते: भिंतीवर सातवाहनांचे लेख कोरलेले, आणि लेणी पांडवांची. रोमनांची दगडी बांधकामे राक्षसांनी केली, असे अँग्लो-सॅक्सन कवींना काही शतकांतच वाटू लागले होते. टॉल्किन ते काव्य शिकवत असे, आणि त्याच्या चालत्या-बोलत्या वृक्षांचे ‘एंट’ हे नाव राक्षसासाठीच्या त्याच जुन्या शब्दावरून आले आहे. ॲरागॉर्नच्या बाजूने एवढे म्हणता येईल की तो एल्फांच्या घरी वाढला, आणि ते मरत नाहीत. ज्या कादंबऱ्यांत अमर साक्षीदार नाहीत, त्यांतल्या वाटाड्यांना हे पाठांतर कुठून येते?

टॉल्किनने विस्मरण खरोखर लिहिले आहे ते एका छोट्या जागी. रोहनच्या डनहॅरो डोंगराच्या वाटेवर प्रत्येक वळणावर पोट सुटलेल्या, मांडी ठोकून बसलेल्या दगडी मूर्ती आहेत. काहींचे नाक-डोळे झिजून डोळ्यांच्या खोबणी तेवढ्या उरल्या आहेत. त्या कोणी घडवल्या, रोहनच्या स्वारांना ठाऊक नाही. पाचशे वर्षे तिथून येता-जाता त्यांना त्यांच्याकडे पाहायचेही सुचत नाही. परका हॉबिट मेरी मात्र थबकून पाहतो. पुढे जंगलात घान-बुरी-घान नावाचा रानटी समजला जाणारा म्होरक्या राजा थिओडेनला भेटतो, आणि मेरीला वाटते, त्यांतलीच एक मूर्ती उठून आली. शत्रूला चुकवून जाण्याची वाट दाखवण्याच्या मोबदल्यात घान मागतो ते इतकेच, की आमची जनावरांसारखी शिकार पुन्हा करू नका. 

कादंबरीभर अवशेष थोर, लुप्त राजवंशांचे आहेत आणि त्यांचा वारस मुकुट घालायला परत येतो. फक्त या एका अवशेषाचे वारस कधी लुप्त झालेच नव्हते. ते शेजारच्या रानात होते, आणि मूर्तींपुढून जाणाऱ्यांचेच भाले त्यांच्यामागे होते. युद्ध संपल्यावर नवा राजा द्रुआदानचे अरण्य घानच्या लोकांना कायमचे देतो, त्यांच्या परवानगीवाचून तिथे कोणी पाऊल टाकू नये अशी दवंडीही पिटतो. डनहॅरोच्या वाटेचा त्या दवंडीत उल्लेख नाही.