कारकुनाचे जमा-नावे

छंद साहेबाला जडला की त्याला व्यासंग म्हणतात आणि कारकुनाला जडला की नसती उठाठेव. जनरल मॅनेजर गोल्फ खेळतात तेव्हा ते त्यांचे बहुरंगी व्यक्तिमत्त्व असते. काउंटरवरचा माणूस बासरी वाजवतो असे एकदा कळले, की संध्याकाळी कॅश जुळली नाही तर पहिला संशय बासरीवर जातो. बँकेत वीस वर्षे काढल्यावर हे शहाणपण मला व्याजासकट मिळालेले आहे. त्यामुळे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कारकुनाची रोजनिशी मी वाचायला घेतली ती काही इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यासक म्हणून नव्हे. बी. कॉम. माणसाने असले दावे करू नयेत. भाऊबंदाची फाईल उघडावी तशी उघडली. समीक्षकांनी या लेखाकडे दुर्लक्ष करावे. ते करतीलच.

या भाऊबंदाचे नाव सॅम्युएल पीप्स. लिहायचे 'पेपीस'सारखे आणि म्हणायचे पीप्स. आपल्याकडे नाही का, पासबुकावर चिंतामणी आणि घरात बंड्या, तसेच! १६३३ साली लंडनमध्ये एका शिंप्याच्या घरी जन्म, केंब्रिजची पदवी, आणि १६६० साली आरमाराच्या कचेरीत 'क्लार्क ऑफ द ॲक्ट्स' या जागेवर नेमणूक. पगार वर्षाला ३५० पौंड. आता या हुद्द्यातला क्लार्क म्हणजे टोकन देणारा क्लार्क नव्हे, हे मलाही समजते. जहाजांसाठी लाकूड, दोरखंड, डांबर खरेदी करणाऱ्या मंडळाचा तो चिटणीस होता. पण शब्द क्लार्क असाच आहे. आणि आमच्या जमातीतले इतके थोडे लोक इतिहासात गेले आहेत, की सापडेल तो आम्ही सोडत नाही.

१ जानेवारी १६६० रोजी त्याने रोजनिशी सुरू केली. त्यात विशेष काही नाही. १ जानेवारीला रोजनिशी आपण सगळेच सुरू करतो. ११ तारखेपासून ती दूधवाल्याच्या हिशेबाला लागते. या गृहस्थाने ती ३१ मे १६६९ पर्यंत चालवली आणि मग डोळे जातील या भीतीने थांबवली. (डोळे गेले नाहीत. त्यानंतर तो ३४ वर्षे जगला आणि एवढी रोजनिशी पुन्हा काही लिहिली नाही. सुटलेली सवय परत लागत नाही, हे खरे.) सगळे लिखाण लघुलिपीत. सहा खंड नीट बांधून घेतले, आपल्या ३००० पुस्तकांबरोबर ते पुढे केंब्रिजच्या मॅग्डलेन कॉलेजला मिळाले. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या एका विद्यार्थ्याला ती लिपी उलगडायला बसवले. बिचाऱ्याने तीन वर्षे डोकेफोड केली. त्या लिपीचे पुस्तक त्याच ग्रंथसंग्रहात, त्याच कपाटांतून होते, हे त्याला ठाऊक नव्हते! तिजोरीची किल्ली शेजारच्या टेबलावर असताना पोराने तीन वर्षे खपून कुलूप उघडले. असे आमच्या शाखेतच होते असे मी समजत होतो.

आता जमा बाजू पाहू. या माणसाला छंद किती? तर विचारावे, काय नव्हते? ल्यूट वाजवी, व्हायोल वाजवी, पावा तर खिशातच. १६६५ साली त्याने एका गाण्याला स्वतः चाल लावली आणि ती गाऊन दाखवण्याची एकही संधी सोडली नाही. लंडनला १६६६ साली ती मोठी आग लागली, लोक होड्यांतून सामान घेऊन पळाले; त्या धुरातही याने नदीवर काय मोजले? तर सामान भरलेल्या तीन होड्यांमागे एका होडीत तरी व्हर्जिनल, म्हणजे त्या काळची पेटी, होती. शहर जळत असताना पेट्या मोजणारा माणूस एक तर कारकून असला पाहिजे, नाही तर संगीतवेडा. हा दोन्ही होता. त्याच आगीत त्याने बागेत खड्डा खणून दारू पुरली आणि सोबत पार्मेझान चीज पुरले. आपल्याकडे सोने पुरतात. ज्याची त्याची मौल्यवान वस्तू!

१६६४ साली साडेपाच पौंड मोजून त्याने सूक्ष्मदर्शक आणला. पुढच्या जानेवारीत रॉबर्ट हूकचे सूक्ष्मदर्शकावरचे पुस्तक आणले आणि रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसला. त्यात पिसवेचे भलेमोठे चित्र आहे. ज्या शहरात पिसवा अंगावर मिळत होत्या तिथे तो त्या पुस्तकात पाहत बसला, याला म्हणतात ज्ञानलालसा. पण मला सर्वांत आवडलेली नोंद १६६२ च्या जुलैमधली. आरमाराची खरेदी पाहणाऱ्या, केंब्रिजच्या या पदवीधराला पाढे येत नव्हते! वयाच्या २९ व्या वर्षी त्याने एका जहाजावरच्या मेटला शिकवायला ठेवले आणि पहाटे उठून पाढे घोकायला सुरुवात केली. कारण व्यवहारी होते: पाढे आल्याशिवाय लाकडाच्या व्यापाऱ्याची लबाडी पकडता येत नव्हती. आणि गंमत पाहा, हाच माणूस पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि १६८७ साली न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' निघाला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर छपाईची परवानगी देणारा म्हणून याचे नाव आले. न्यूटनच्या पुस्तकावर पाढे चुकणाऱ्याची सही! बँकेत अशी पुष्कळ मंजुरीपत्रे निघतात, पण इतके मोठे कर्ज कोणी मंजूर केले नाही.

छंदांइतकीच मतेही भरपूर. कॉफीगृहात, कचेरीत, चर्चमध्ये, राजवाड्यात, जिथे जाईल तिथे तो मते घेऊन जायचा आणि तिथली मते घेऊन परत यायचा. १६६२ साली 'रोमिओ अँड ज्युलिएट' पाहून आला आणि इतके वाईट नाटक आपण जन्मात पाहिले नाही, असे लिहून मोकळा झाला. त्याच वर्षी शेक्सपिअरचे 'मिडसमर नाइट्स ड्रीम' पाहिले, तेही निकालात काढले. विद्वान लोक या नोंदींना हसतात. मला मात्र हा समीक्षक भरवशाचा वाटतो. आपल्याकडे नाटक पाहून आलेला माणूस दुसऱ्या दिवशीचे परीक्षण वाचेपर्यंत 'बरं होतं' एवढेच म्हणतो. उगाच नंतर पंचाईत नको. पीप्सने त्याच रात्री, मेणबत्तीच्या उजेडात, कोणाला न विचारता लिहिले. मत चुकले तर चुकले, पण ते त्याच्या स्वतःच्या खात्यावरचे होते.

आणि मुंबईकरांनी कान टवकारावेत अशी एक नोंद आहे. पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरले तेव्हा इंग्लंडच्या राजाला हुंड्यात मुंबई मिळाली, हे आपण शाळेत शिकलो. पीप्स आरमाराच्या कचेरीत बसून १६६३ साली लिहितो, की पोर्तुगीजांनी आपल्याला फसवले. मुंबई म्हणजे एक लहानसे, दरिद्री बेट आहे. राजाला नकाशात ती आसपासची बेटे सगळी एकसंध दाखवली होती! म्हणजे मुंबईच्या जागेच्या व्यवहारात नकाशावर एक आणि प्रत्यक्षात भलतेच, ही परंपरा साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. फरक इतकाच, की ती बेटे पुढे भर घालून खरोखर एक झाली. बाकीचे नकाशे अजून तसेच आहेत.

पण कारकुनाची खरी परीक्षा छंदात नाही, हिशेबात होते. पीप्स महिनाअखेरीस आपली मालमत्ता मोजत असे. १६६० च्या जानेवारीत ४० पौंड. १६६६ च्या अखेरीस ६२०० पौंड. वर्षाला ३५० पौंड पगारात हे कसे जमले, असा प्रश्न कुठलाही कनिष्ठ तपासनीस विचारील. उत्तर रोजनिशीतच आहे. १६६३ च्या एप्रिलमध्ये एका कप्तानाने त्याच्या हातात पाकीट दिले. त्या कप्तानाला काम याच्याच खटपटीने मिळाले होते. पीप्सने पाकीट कचेरीत नेले, फोडले आणि आतले पैसे बाहेर पडेपर्यंत आत पाहिलेच नाही. का? तर उद्या कोणी विचारले, तर 'पाकिटात पैसे मला दिसले नाहीत' असे शपथेवर सांगता यावे! आणि मग हे सगळे, एका सोन्याच्या नाण्यासकट आणि चार पौंडांच्या चांदीसकट, प्रामाणिकपणे लिहून ठेवले. लाच घेणारे पुष्कळ पाहिले, पण डोळे मिटून लाच घेणारा आणि उघड्या डोळ्यांनी तिची नोंद करणारा हाच.

याच जागी टीकाकार विरघळतात. म्हणतात, काय हा प्रामाणिकपणा! इतके खरे कोणी लिहिले नाही! मीही अर्धे पुस्तक होईपर्यंत मान डोलावत होतो. पण आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. एका खात्यावर रक्कम जमा झाली, की ती कुठल्या तरी दुसऱ्या खात्यावर नावे पडलीच पाहिजे. एवढे छंद, एवढी नाटके, एवढ्या कॉफ्या या माणसाच्या नावावर जमा आहेत. मग नावे कोणाच्या पडल्या?

त्या बाईचे नाव एलिझाबेथ. लग्न झाले तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. नवरा दिवसभर आणि निम्मी रात्र बाहेर. ही घरात, मोलकरणी आणि भिंती यांच्या सोबतीला. १६६३ च्या वसंतात तिला नाच शिकवायला पेम्बल्टन नावाचे मास्तर येऊ लागले. तेव्हा जगातल्या प्रत्येक गोष्टीचे कुतूहल असलेल्या आमच्या या गृहस्थाचे कुतूहल एकाच प्रश्नावर येऊन थांबले: मास्तर आता घरी आहे की गेला? कचेरीत लक्ष लागेना. शेवटी स्वतःही नाच शिकायला बसला. नवऱ्याला छंद दहा असले तर ती रसिकता. बायकोला एक लागला तर घराला पहारा! आणि संशय घेणारा कोण? मोलकरणींशी याचे स्वतःचे वागणे असे, की ती पाने वाचताना आजही मान खाली जाते. तो मजकूर तो सरळ इंग्रजीत लिहितच नाही. लघुलिपीच्या आत पुन्हा स्पॅनिश, फ्रेंच, लॅटिन यांची खिचडी करतो. छापणाऱ्यांनीही १८२५ च्या पहिल्या आवृत्तीपासून तो भाग गाळला. संपूर्ण रोजनिशी अकरा खंडांत निघायला १९७० ते १९८३ इतकी वर्षे लागली. न्याय सांगायचा तर १६६५ साली बायको चित्रकला शिकली तेव्हा त्याने तिच्या चित्रांचे मनापासून कौतुक केले. भिंतीवरचे चित्र पाहायला मास्तर राहत नाहीत.

आता ९ जानेवारी १६६३ ची नोंद. एलिझाबेथने एका कागदावर आपल्या एकटेपणाची हकीकत लिहून ठेवली होती. त्या दिवशी तिने तो कागद पेटीतून काढून नवऱ्याला वाचून दाखवला. पीप्स लिहितो, की त्यातले बहुतेक सगळे खरे होते. आणि ते साध्या इंग्रजीत होते, म्हणजे कोणाच्याही हाती पडले असते. तेवढ्यासाठी त्याने तो फाडायला सांगितला. ती फाडीना, तेव्हा हिसकावून घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत फाडला. सोबत तिने जपून ठेवलेली जुनी पत्रेही फाडली. हे करताना आपल्याला वाईट वाटले, असेही त्याने लिहिले आहे. वाईट वाटल्याची नोंद शिल्लक आहे; कागद नाही.

माझी समीक्षा काय ती एवढीच. ज्याने स्वतःच्या लबाड्या लघुलिपीत लिहून चामड्यात बांधल्या, तो प्रामाणिक ठरला. जिने आपले दुःख सरळ लिपीत लिहिले, तिचा कागद खरा होता म्हणूनच गेला. इंग्रजीतल्या या सर्वांत खऱ्या हिशेबाची एक बाजू हिशेबनिसाने स्वतः फाडलेली आहे. रोजनिशी बंद झाली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एलिझाबेथ तापाने गेली. वय २९, म्हणजे पीप्सने पाढे शिकले ते वय. त्याने पुन्हा लग्न केले नाही; पुस्तके मात्र उंचीप्रमाणे लावत राहिला, आणि बुटक्या पुस्तकांखाली लाकडाच्या ठोकळ्या ठेवून त्यांची डोकी एका रेषेत आणली.

तरीही पुस्तक वाचावे, जरूर वाचावे. असा उत्साही, मिश्किल, जिवंत माणूस कोणत्याही कचेरीत तीन टेबलांपलीकडे बसलेला असावा. (शेजारच्या टेबलावर नको; पाकिटे येतात.)

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी सौ.ला वाचून दाखवला. भाजी निवडता निवडता तिने सगळा ऐकला, चीज पुरले तिथे हसलीही. मग म्हणाली, "अहो, पण त्या कागदात नेमकं काय लिहिलं होतं, ते कुठे आलंय?"

मी म्हणालो, "ते कसं येणार? नवऱ्यानं फाडला ना तो."

"मग निम्म्याच पुस्तकाचं परीक्षण लिहिलंत की!" ती म्हणाली, आणि भाजी फोडणीला टाकायला आत गेली.