एका नांवाचें परीक्षण

वैद्यकांतील एका संज्ञेचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कां करावें, असा प्रश्न वाचक प्रथम विचारतील, व तो योग्यच आहे. आमचें उत्तर असें कीं, ज्या संज्ञेचा येथें विचार करावयाचा आहे ती एखाद्या जंतूला किंवा अवयवाला दिलेली नाहीं. ती मुलांच्या बोलण्याला दिलेली आहे. बोलणें सार्थ कीं पोकळ हें ठरविणें हा टीकेचा प्रांत होय, आणि त्या प्रांतांत झालेला निवाडा टीकेच्या कसोट्यांवर घांसून पाहण्याचा अधिकार टीकाकाराला आहे. ही संज्ञा म्हणजे 'कॉकटेल पार्टी सिंड्रोम'. आणि ज्यांच्या बोलण्याला ती चिकटली तीं मुलें जलशीर्ष या विकाराचीं होत.

या विकाराचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मेंदूच्या आंतील पोकळ्यांत एक स्वच्छ द्रव सतत पाझरत असतो. प्रौढ माणसांत दिवसाकाठीं तो सुमारें ५०० मिलिलिटर इतका तयार होतो व तितकाच रक्तांत शोषला जातो. ही वाट जन्मतः अरुंद असली, किंवा रक्तस्रावानें अगर मेंदूच्या आवरणांच्या दाहानें बुजली, तर द्रव सांचतो, पोकळ्या फुगतात, आणि तान्ह्या मुलाच्या कवटीचीं हाडें जुळलेलीं नसल्यामुळें डोकें वाढूं लागतें. लॉरेन्स व कोट्स या दोघांनीं शस्त्रक्रिया न झालेल्या १८२ मुलांची हकीकत १९६२ सालीं प्रसिद्ध केली. त्यांतील जवळजवळ निम्मीं दगावलीं होतीं. यावरचा उपाय म्हणजे शंट. पोकळींतून निघालेली एक बारीक नळी कानामागून, मानेच्या व छातीच्या कातडीखालून पोटांत नेतात आणि तिच्या वाटेवर एक झडप बसवितात.

या झडपेच्या इतिहासांत दोन बापांचीं नांवें आहेत. फिलाडेल्फियाकडील जॉन होल्टर हा यंत्रकामांतला माणूस. स्वतःच्या मुलाला हा विकार झालेला पाहून त्यानें शल्यवैद्य यूजीन स्पिट्झ यांच्या साहाय्यानें १९५६ सालीं एक झडप सिद्ध केली. दुसरा बाप म्हणजे बालवाङ्मयकार रोआल्ड डाल. १९६० च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथें त्याच्या तान्ह्या मुलाच्या गाडीला मोटारीची धडक बसली, डोक्यांत द्रव सांचूं लागला, आणि बसविलेली झडप पुनःपुन्हा तुंबूं लागली. तेव्हां स्टॅन्ले वेड हा यंत्रज्ञ व केनेथ टिल हा शल्यवैद्य यांना जोडीला घेऊन डालनें नवी झडप करविली. ती तयार होईपर्यंत त्याचा मुलगा इतका सुधारला होता कीं त्याला तिची गरज उरली नाहीं. ती इतरांच्या मुलांच्या कामीं आली.

अशा रीतीनें मुलें वांचूं लागलीं आणि प्रश्न पालटला. मूल जगेल काय, याच्या जागीं तें कसें जगेल, हा प्रश्न आला. येथें मोजण्याचीं साधनें अपुरीं पडलीं व वैद्यकाला वर्णनाचा आश्रय घ्यावा लागला. आणि वर्णनांत उपमा शिरल्याशिवाय राहत नाहीं.

जलशीर्षाची नैसर्गिक गति कशी होते याचा विचार करणारा एक निबंध स्वीडनमधील डॉक्टरांनीं १९६२ सालीं लिहिला. प्रस्तुत संज्ञा तेथून रूढ झाली व पुढें शंट बसविलेल्या मुलांनाहि लावली गेली. १९७९ सालीं ब्रायन ट्यू यानें तिचीं लक्षणें बांधून दिलीं: बोलणें ओघवतें व स्पष्ट, तेंच तेंच पुन्हा सांगणें, शिष्टाचाराच्या तयार वाक्यांचा अतिरेक, फाजील सलगी, आणि प्रसंगाशीं न जुळणाऱ्या स्वतःच्या गोष्टी मध्येंच सांगणें. हीं निरीक्षणें खोटीं होतीं असें आम्ही म्हणत नाहीं. अशीं मुलें होतीं व आहेत; ज्यांची बुद्धि मंद राहिली त्यांच्यांत हीं लक्षणें अधिक दिसतात, हेंहि ट्यूनें नमूद केलें आहे. आमचा आक्षेप उपमेवर आहे.

कॉकटेल पार्टी म्हणजे हातांत पेला घेऊन एकापासून दुसऱ्याकडे फिरत गोड पण निरर्थक बोलण्याची मेजवानी. तेथें जमणाऱ्या माणसाला सार्थ बोलतां येत नाहीं असें नव्हे. त्याला तें बोलावयाचें नसतें. मूल मात्र आपल्या सगळ्या शक्तीनिशीं बोलत असतें. उपमेचा पहिला दोष हा कीं, जेथें असमर्थता आहे तेथें ती उथळपणा सुचविते, म्हणजे शारीरिक उणीवेला स्वभावदोषाचें रूप देते. दुसरा दोष असा कीं, मेजवानींत निरर्थक बोलणारा जसा असतो तसा न ऐकणाराहि असतो. पण या संज्ञेनें सारा दोष बोलणाऱ्याच्या पदरीं घातला आणि ऐकणाऱ्याला न्यायाधीश करून ठेविलें.

तिसरा दोष आम्हां मराठी माणसांना विशेष जाणवावा असा आहे. फाजील सलगी कोणती, हें कोणत्या मापानें ठरवावयाचें? आपल्याकडे गाडींत शेजारीं बसलेल्या अनोळखी गृहस्थाला मूल 'काका' म्हणतें, त्याच्या डब्यांत काय आहे हें विचारतें, आणि काकाहि कौतुकानें त्याच्या हातावर लाडू ठेवतात. 'या, बसा, चहा घेतां ना?' हें तयार वाक्य पांच वर्षांच्या मुलीच्या तोंडून आलें तर आपण तिला वळण चांगलें आहे असें म्हणतों. ज्या समाजांत अनोळखी माणसाशीं न बोलणें हाच शिष्टाचार, तेथलें माप येथें जसेंच्या तसें लावलें तर निरोगी मूलहि रोगी ठरेल, आणि रोगी मुलाची खरी अडचण झांकली जाईल. शंटची नळी आतां आपल्या देशांतहि होते. शहाजहानपूरची छाब्रा नळी आफ्रिकेपर्यंत गेली आहे. नळी देशी झाली, पण मुलाच्या बोलण्याचें माप अजून परकेंच आहे.

खरी अडचण काय, याचा शोध टोरांटो येथें मॉरीन डेनिस व मार्शिया बार्न्स या दोन विदुषींनीं पुष्कळ वर्षें घेतला. १९९३ व १९९८ सालच्या त्यांच्या निबंधांत साधारण बुद्धीचीं मुलेंहि आहेत, हें महत्त्वाचें. त्यांना असें दिसलें कीं, या मुलांचे शब्द व व्याकरण पुष्कळ अंशीं ठीक असतें. अडतें तें संदर्भावरून अर्थ जुळविण्यांत. २००४ सालच्या निबंधानें हें आणखी स्पष्ट केलें: जोडावयाच्या दोन गोष्टी मजकुरांत जवळ असल्या तर मूल त्या जोडतें, त्यांमधील अंतर वाढलें म्हणजे दुवा निसटतो. आमच्या पदरचें उदाहरण देतों. 'आईनें छत्री दाराशीं ठेवली. बंडू ती न घेतांच गेला व भिजून आला.' हें मुलाला कळतें. पण छत्री पहिल्या परिच्छेदांत राहिली, मध्यें शाळा, खेळ व भांडण आलें, आणि शेवटीं बंडू भिजलेला दिसला, तर तो कां भिजला हें त्याला सांगतां येईलच असें नाहीं. छत्री व भिजणें हे दोन्ही शब्द त्याला ठाऊक असतात. त्यांच्यामधला पूल त्याला बांधतां येत नाहीं.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या 'पोकळ' बोलण्याचा अर्थ आम्हांला निराळा दिसूं लागतो. ज्याला संभाषणाचा पुढचा दुवा सांपडत नाहीं तो ठाऊक असलेल्या वाक्याचा आधार घेतो. अंधारांत जिना उतरणारा कठड्याला धरतो, तसाच हा प्रकार असावा. आणि यांतूनच शाळेंतला अन्याय जन्मतो. बोलका मुलगा पाहून गुरुजी त्याला हुषार समजतात. मग लांब धडा किंवा दोन पायऱ्यांचें गणित आलें कीं तो अडतो, आणि गुरुजी म्हणतात, 'बोलायला येतें, मग अभ्यासच कसा होत नाहीं?' म्हणजे त्याला आळशी ठरवितात.

निंदेच्या उपमेप्रमाणें स्तुतीची अतिशयोक्तीहि घातक असते. शेफील्डचे डॉ. जॉन लॉर्बर यांनीं पाहिलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत 'सायन्स' या नियतकालिकानें १९८० सालीं छापली. त्याच्या मेंदूचा थर अत्यंत पातळ दिसत होता, तरी त्यानें गणितांत वरच्या वर्गाची पदवी मिळविली होती. लेखाच्या मथळ्यानेंच प्रश्न केला कीं, मेंदूची खरोखर जरूर आहे काय? जग थक्क झालें. पण त्या तरुणाला काय आवडे, त्याचे मित्र कोण, तो कशानें खचे, हें त्या आश्चर्यांत कोणाला हवें होतें? एकीकडे मुलाची बडबड झाली, दुसरीकडे चमत्कार झाला. माणूस दोन्हीकडे निसटला.

म्हणून पुढील काळांतील एका प्रयत्नाचें आम्ही मनापासून स्वागत करतों. टोरांटोचे शल्यवैद्य डॉ. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं ५१ प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. शरीर, बुद्धि, आणि समाजांतलें व मनांतलें सुखदुःख अशा तीन अंगांनीं पालकांना विचारावें व उत्तर शून्य ते एक यांमधील अंकांत मांडावें, अशी तिची रचना आहे. पुढें मुलांनींहि उत्तरें द्यावीं अशी सोय झाली, आणि २००८ सालीं दोघांचीं उत्तरें शेजारीं ठेवून पाहण्यांत आलीं. तीं सर्वत्र जुळलीं नाहींत. आमच्या मतें या प्रयत्नाचें मोल त्या न जुळण्यांत आहे, कारण त्यानें मूल हा स्वतंत्र साक्षीदार ठरला. याच मंडळींच्या अभ्यासांतून असेंहि दिसलें कीं, फिटी व जंतुसंसर्गापायीं रुग्णालयांत काढलेले दिवस यांनीं मुलाचें जीवनमान खालावतें, आणि घराची घडी नीट असण्याचाहि त्याच्याशीं संबंध आहे. अंकांत आयुष्य मावत नाहीं, हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. तरी विचारून मिळालेला अंक न विचारतां दिलेल्या उपमेपेक्षां अधिक सभ्य होय.

हा वाद केवळ शब्दांचा आहे असें कोणी म्हणेल, तर त्यानें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. शंट कायमची नसते. तीन प्रकारच्या झडपांची ३४४ मुलांवर तुलना झाली, तिचा निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाला: कोणतीहि झडप बसविली तरी पहिल्या वर्षांतच दहांपैकीं सुमारें चार शंट निकामी झाल्या. नळी तुंबली म्हणजे डोकें दुखतें, उलटी होते, मूल झोपाळूं लागतें. उशीर झाला तर जीवावर बेततें. या संकटाची पहिली बातमी पुष्कळदां मुलाच्याच तोंडून येते. ज्या घरानें व ज्या शाळेनें या मुलाचें बोलणें म्हणजे नुसती बडबड असें एकदां ठरवून टाकलें, तेथें दहा इकडच्यातिकडच्या गोष्टींच्या मध्यें तें 'आज डोकें दुखतंय' असें म्हणालें, तर तें कोणाच्या कानीं पडावें?

यासाठीं आमची सूचना साधी आहे. हें नांव वैद्यांनीं, शिक्षकांनीं व पालकांनीं टाकून द्यावें, आणि त्याच्या जागीं मुलाला काय जमतें व कोठें अडतें हें साध्या वाक्यांत लिहावें: शब्द येतात, दूरचा दुवा सुटतो, धडा तोडून सांगितल्यास समजतो. असें वर्णन शोभिवंत नसेल. पण तें वाचून गुरुजी धड्याचे तुकडे करतील, आई एक प्रश्न अधिक विचारील, आणि मुलाचें वाक्य पुरें होईपर्यंत कोणीतरी थांबेल.