‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नाही’ का?

मंडळी, आजचा विषय आमच्या नेहमीच्या वाटेवरचा नाही. सॉफ्टवेअरची एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरावा असा तयार कोडचा संच, वेगवेगळ्या प्रणालींवर बांधता यावी यासाठी एक यंत्रणा रचतात. तिला बिल्ड सिस्टिम म्हणतात. त्या यंत्रणेवर आज आम्हाला टीका करायची आहे. तत्त्वज्ञानवाल्यांनी यात कशाला पडावं, असं कोणी विचारील. आम्ही पडतो, कारण तिच्या पोटात ज्ञानमीमांसेचा एक जुना प्रश्न आहे आणि तो न सोडवताच वर मजले चढवले गेले आहेत.

आधी पूर्वपक्ष, आणि तो प्रामाणिकपणे मांडू. ऐंशीच्या दशकात युनिक्स एक नव्हतं. बर्कलेचं वेगळं, सिस्टिम व्ही वेगळं, सन, एचपी, आयबीएम यांची आपापली. एकाकडे मजकुरात अक्षर शोधणाऱ्या फंक्शनचं नाव ‘इंडेक्स’, दुसऱ्याकडे ‘स्ट्रचर’. काम तेच. मग लायब्ररी लिहिणारा काय करी? प्रणालींच्या नावांची यादी ठेवी: सन असेल तर हे, एचपी असेल तर ते. पण प्रणालीची पुढची आवृत्ती आली की यादी खोटी पडे.

१९९१मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ सुरू केलं. त्यामागची कल्पना खरोखर सुंदर आहे: नाव विचारू नका, गुण तपासा. ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चार ओळींचा चिमुकला सी प्रोग्राम लिहिते, कंपायलरच्या हाती देते. बांधला गेला, तर ते फंक्शन इथे आहे. नाही गेला, तर नाही. असे शेकडो प्रश्न, आणि उत्तरांप्रमाणे लायब्ररी स्वतःला बेतून घेते. शिवाय वापरणाऱ्याच्या यंत्रावर ऑटोकॉन्फ असावं लागत नाही. शेल, मेक आणि कंपायलर एवढं पुरतं. पाहुण्याने आपलं अंथरूण आपणच घेऊन यावं, तसं. हे औदार्य आम्ही विसरत नाही.

आता उत्तरपक्ष. प्रोग्राम बांधला गेला, तेव्हा आपल्याला काहीतरी कळलं, हे बहुतांशी मान्य. पण बांधला गेला नाही, तेव्हा नेमकं काय कळलं?

भाट्ट मीमांसक अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धि हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण त्यांनी, आणि पुढे अद्वैत्यांनीही, एक अट घातली. अनुपलब्धि ‘योग्य’ हवी. म्हणजे घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून तिथे घट नाही असं म्हणता येत नाही. आधी दिवा लावा.

कॉन्फिगर दिवा लावत नाही. छोटा प्रोग्राम पडण्याची कारणं दहा असू शकतात. ती सगळी ‘नो’ या एका शब्दात बुडवली जातात. खरं कारण कॉन्फिग.लॉग या फाइलीत जातं, आणि ती फाइल कोण उघडतं? बिल्ड तर यशस्वी झालेलं असतं.

हे काल्पनिक नाही. जुन्या सी भाषेत फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं तरी कंपायलर चालवून घेई. २०२३मध्ये क्लँग १६ने आणि २०२४मध्ये जीसीसी १४ने ते चूक ठरवलं. कंपायलरवाल्यांचं बरोबरच होतं. पण जुन्या तपासण्यांपैकी कित्येकींमध्ये ‘एक्झिट’ असंच, न जाहीर करता, वापरलेलं. त्या तपासण्या पडू लागल्या. शोधायचं होतं भलतंच काही, पडलं ‘एक्झिट’पाशी, आणि निष्कर्ष काय? ते भलतं इथे नाही! फंक्शन जागेवर होतं, लायब्ररीने मात्र ते नसल्यासारखं स्वतःला बांधून घेतलं. आरडाओरडा नाही, काही नाही.

दुसरं उदाहरण अधिक बोलकं. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामरने जाहीर केलं की तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. दूरच्या यंत्रावर लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना त्यांना तो सापडला. ती कथा तुम्ही ऐकली असेल. दोन वर्षांहून अधिक काळ ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी विश्वास कमावला, वगैरे. आम्हाला त्यातलं बिल्ड महत्त्वाचं वाटतं. चोराचा सांगाडा तपासणी-फाइलींत दडवलेला होता, पण त्याला आत घेणारी ओळ एका एम-फोर फाइलीत होती. आणि ही बदललेली फाइल सार्वजनिक रिपॉझिटरीत नव्हतीच, फक्त वाटपाच्या टारबॉलमध्ये होती. कॉन्फिगर यंत्राने लिहिलेली, हजारो ओळींची असते. ती कोणी वाचत नाही, वाचायची नसते असंच सगळे मानतात. पाहुण्याच्या वळकटीत काय आहे, हे यजमान बघत नाही. जाता जाता सांगतो, चोराचा कोड मात्र पोर्टेबल नव्हता: लिनक्स आणि एक्स८६-६४ असेल तरच तो जागा होई.

पण आमच्या मुद्द्याचा ऐवज निराळा आहे. त्याच हाताने सीमेकच्या फाइलीत एक बदल केला होता. लँडलॉक ही लिनक्सची सोय प्रोग्रामला कुंपणात ठेवते. ती उपलब्ध आहे का, हे तपासणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये एका ओळीवर एकटं टिंब टाकलं. एक पूर्णविराम! सी भाषेत त्या जागी त्याला काही अर्थ नाही. त्यामुळे तपासणी कुठल्याही यंत्रावर पडणार, उत्तर कायम ‘नो’, आणि कुंपण गुपचूप गळून पडणार. घट होता तिथेच होता. कुणीतरी दिवा विझवला होता.

लिनक्सचे वितरक बहुधा ऑटोकॉन्फच्या वाटेने बांधत, म्हणून या टिंबाचं प्रत्यक्ष नुकसान मर्यादित राहिलं. तरी लक्षात घ्या, सीमेक ऑटोकॉन्फपेक्षा नवं, विंडोजलाही चालणारं, आणि अनेकजण ते उपाय म्हणून सुचवतात. हत्यार बदललं, पण अनुमान तेच राहिलं. नवीन बिल्ड सिस्टिम घ्या म्हणजे झालं, या सल्ल्याशी म्हणूनच आम्ही सहमत नाही.

मग जुन्या याद्यांकडे परत जावं का? नाही. दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी इथे बसून बिल्ड करताना छोटा प्रोग्राम चालवून बघता येत नाही, तिथे थोडी यादी ठेवावीच लागते. पण ती नाइलाजाची. आमची मागणी लहान आहे. प्रत्येक प्रश्नाआधी त्याच साच्यातला, जो बांधला गेलाच पाहिजे असा, एक प्रोग्राम कंपायलरला द्या. तो पडला तर उत्तर ‘नाही’ नसून ‘कळलं नाही’ आहे. ही तिसरी नोंद आज बहुतेक ठिकाणी नाही. आणि जिथे सुरक्षा पणाला लागते, तिथे ‘कळलं नाही’वर बिल्ड थांबलंच पाहिजे. यात खर्च आहे, वेळ जाईल, प्रोग्रामर कुरकुरतील. कुरकुरू देत.

एक्सझेडमधलं ते टिंब ३० मार्च २०२४ला मूळ देखभालकर्त्याने काढलं. ते पकडलं गेलं, कारण चोर आधी दुसऱ्या दाराशी सापडला होता. तपासणीने स्वतःहून काहीच सांगितलं नव्हतं.