अर्ध्या वाटेवरचीं घरें

सरकारी हिशेब-तपासणीचा अहवाल वाङ्मय म्हणून वाचावयाचा नसतो, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. आणि बहुतेक अहवाल पाहतां तो अगदींच चुकीचा नाहीं. तथापि एकाच विषयावर एका वर्षाच्या अंतरानें लिहिलेलीं दोन लिखाणें आम्ही नुकतींच शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं, आणि त्यांपैकीं ज्याला कोणी वाङ्मय म्हणणार नाहीं तेंच आमच्या मनांत अधिक रेंगाळत राहिलें. एक म्हणजे अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्याच्या हिशेबतपासनिसानें जून २०११ मध्यें प्रसिद्ध केलेला अहवाल. दुसरें म्हणजे जून २०१२ मध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्रांत सॅम डॉलनिक यांनीं लिहिलेली लेखमाला. शिक्षा संपत आलेले कैदी आणि पॅरोलवर सुटलेले लोक ज्या खाजगी निवासगृहांत ठेवले जातात, त्यांवरील सरकारी देखरेख हा दोहोंचा विषय.

येथें एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. पॅरोल म्हटलें कीं आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें येते ती आईच्या आजारपणासाठीं किंवा बहिणीच्या लग्नासाठीं कैद्यास मिळालेली थोड्या दिवसांची रजा. अमेरिकेंत या शब्दाचा अर्थ निराळा. तेथें शिक्षेचा उरलेला काळ माणूस तुरुंगाबाहेर, परंतु अधिकाऱ्याच्या नजरेखालीं काढतो. अट मोडली कीं पुन्हा आंत. अशा माणसास घर नसेल किंवा व्यसन सुटलें नसेल, तर तुरुंग आणि समाज यांच्या मधल्या एका निवासांत त्याला धाडतात. ‘हाफ-वे हाउस’ हें त्याचें नांव. आम्ही त्यास अर्ध्या वाटेवरचें घर म्हणूं. सकाळीं कामावर जावें, रात्रीं परत यावें, हळूहळू मोकळ्या हवेची संवय व्हावी, ही मूळची कल्पना खरोखर चांगली आहे. वाटसरूला टेकावयास धर्मशाळा असावी, तसेंच हें.

न्यू जर्सींत ही धर्मशाळा मक्त्यानें चालूं लागली. तुरुंगांत माणूस ठेवण्यास जो खर्च येतो त्याच्या सुमारें निम्म्यांत तो येथें राहतो, म्हणून सरकार खूष. खाटेमागें दररोज ठराविक रक्कम मिळते, म्हणून मक्तेदारही खूष. ट्रेंटन शहरांतील एका गृहांत सुमारें ९०० खाटा होत्या. त्यास घर म्हणणें हा भाषेवर अत्याचारच होय. तें चालविणाऱ्या कम्युनिटी एज्युकेशन सेंटर्स या कंपनीस, टाइम्सच्या हिशेबाप्रमाणें, २०११ च्या आर्थिक वर्षांत राज्य व परगणे यांजकडून सुमारें ७ कोटि १० लक्ष डॉलर मिळाले. मौज अशी कीं, असे मक्ते नफा न घेणाऱ्या संस्थांनाच द्यावे असा राज्याचा दंडक होता. तेव्हां मक्ता तशा एका संस्थेनें घ्यावयाचा आणि काम या कंपनीनें करावयाचें, अशी तोड निघाली. दोहोंचीं सूत्रें एकाच गृहस्थाच्या हातीं!

डॉलनिक यांच्या लेखणीस वेग आहे, आणि माणसें उभीं करण्याची हातोटीही आहे. परंतु लेखमालेच्या आरंभींच ते एक आकडा आपल्यापुढें आणून आदळतात: २००५ पासून सुमारें ५,१०० जण या गृहांतून पळाले. वाचक दचकतो, आणि तेथेंच आमचें त्यांच्याशीं भांडण सुरू होतें. ज्या दारास तुरुंगासारखें कुलूप नाहीं, ज्यांतून कामासाठीं रोज बाहेरच पडावयाचें, तेथून परत न येणें आणि तुरुंगाची भिंत ओलांडणें या दोहोंस एकच क्रियापद लावतां येईल काय? २०१० साली अशाच एका पळालेल्यानें एका तरुणीचा जीव घेतला, हें खरें; तें लिहिणें वृत्तपत्राचें कर्तव्यच होतें. पण हा आकडा अग्रभागीं आल्यानें वाचकाची सारी काळजी बाहेर पडलेल्यांपासून आपलें काय होईल याच्या भोंवतीं फिरते. आंत राहिलेल्यांचें काय होत होतें, हें पुढें येतें: मादक पदार्थ, चोऱ्या, मारहाण, लैंगिक अत्याचार. कित्येक जण ‘आम्हांला तुरुंगांत परत पाठवा, तेथें अधिक सुरक्षित वाटतें’ अशी विनवणी करीत. आमच्या मतें लेखमालेचा आरंभ येथूनच व्हावयास हवा होता.

कारण असें पाहा. खाणावळीचें अन्न बिघडलें तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातें; मालकाला वठणीवर आणण्याचें तेंच त्याचें शस्त्र. येथील रहिवाशाला तें नाहीं. तो निघून गेला तर तो गुन्हा. तो त्या ५,१०० मध्यें मोजला जाणार. तक्रार करावी, तर ज्यांच्या शेऱ्यावर आपली सुटका अवलंबून आहे त्यांच्याच विरुद्ध करावयाची. अशा ठिकाणीं सरकारी तपासनीस हाच काय तो त्याचा वाली.

तो अहवाल नेमका या ठिकाणीं बोट ठेवतो. त्यांत खून नाहीं, संवाद नाहीं, एकही माणूस चेहऱ्यानिशीं दिसत नाहीं. तुरुंग-खात्यानें गृहांच्या पाहण्या पुरेशा केल्या नाहींत, आणि योजनेचें फळ काय हें मोजण्याचें पुरेसें साधन खात्यापाशीं नाहीं, एवढेंच तो कोरड्या भाषेंत सांगतो. खाटा किती भरल्या हें पैसे मोजणाऱ्यास ठाऊक. त्या खाटांवरून उठून गेलेल्यांचें पुढें काय झालें, हें मात्र नाहीं. आम्ही आयुष्य महाविद्यालयांत घालविलें आहे. विद्यापीठाची समिती येणार म्हटलें कीं ग्रंथालयांतल्या पुस्तकांवरची धूळ कशी झटकली जाते, हें आम्हांस कोणी सांगावयास नको. म्हणून पाहण्यांची नुसती संख्या वाढवून काय साधेल, ही आमची शंका उरतेच. पाहणी करणाऱ्यानें न सांगतां रात्रीं जावें, आणि रहिवाशाशीं मक्तेदाराच्या माघारीं बोलावें. पण हा अहवाल येऊन वर्ष लोटलें तरी त्याचा बोभाटा झाला नाहीं. तो टाइम्सच्या आकड्यानें झाला. सभागृहांत साक्षी झाल्या त्या त्यानंतर.

२०१७ साली ती कंपनी जिओ ग्रुप या बड्या कंपनीनें ३६ कोटि डॉलरांस विकत घेतली. तिच्याबरोबर न्यूअर्क येथील डेलेनी हॉल हें गृहही गेलें. किरकोळ दंड न भरल्याबद्दल अटकेंत असलेला एक माणूस २००९ मध्यें तेथें मारला गेला होता; लेखमालेचा तिसरा भाग त्यावरच आहे. त्याच इमारतींत मे २०२५ पासून मध्यवर्ती सरकार परदेशांतून आलेल्या लोकांना स्थानबद्ध करून ठेवूं लागलें. पुढच्याच महिन्यांत तेथून चार जण निसटले, आणि वृत्तपत्रांनीं तो आकडा ठळक छापला.