खुन्याकडे शिकवणीला जाणारा लेफ्टनंट

टीव्हीवरच्या गुन्हेमालिकांमधल्या पोलिसांपैकी माझा सर्वांत जास्त जीव आहे तो लेफ्टनंट कोलंबोवर. चुरगळलेला रेनकोट, अर्धवट ओढलेला सिगार आणि खडखडत येणारी पूजो 403, असं त्याचं ध्यान. लॉस एंजेलिसच्या श्रीमंत बंगल्यांत तो शिरतो तेव्हा घरचा नोकरही त्याच्याकडे संशयाने बघतो. पीटर फॉकने ही भूमिका 1968 पासून 2003 पर्यंत केली. तो रेनकोट त्याचा स्वतःचाच. वयाच्या तिसऱ्या वर्षी आजारपणात त्याचा उजवा डोळा काढावा लागला होता. त्याच्या नजरेत जो थोडा तिरकेपणा आहे, समोरच्याकडे बघताना मान जी किंचित कलते, ती या माणसाला शोभून दिसते.

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाने मालिकेची मांडणीच उलटी केली. खून कोणी केला, कसा केला, हे सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांसमोर घडतं. कोलंबो त्यानंतर बऱ्याच वेळाने उगवतो. त्यामुळे 'कोण?' या प्रश्नाचं ओझं उतरतं आणि आपण दोन माणसांमधलं नातं बघत राहतो. ते नातं किती खोल जाऊ शकतं, हे बघायचं तर 1973 चा 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म' हा भाग बघावा.

एड्रियन कारसिनी हा वाइनवर जीव ओवाळून टाकणारा माणूस. डोनाल्ड प्लेझन्सने तो असा उभा केलाय की त्याचा राग येता येत नाही. सावत्र भाऊ रिक वाइनरीचा मालक आणि ती तो स्वस्त माल काढणाऱ्या मारिनो ब्रदर्सना विकायला निघालेला. एड्रियन संतापाच्या भरात त्याला पाडतो, बांधून तळघरात टाकतो, तिथली वातानुकूलन यंत्रणा बंद करतो आणि न्यूयॉर्कला वाइनच्या लिलावाला निघून जातो. पुढे प्रेताला पाणबुड्याचा पोशाख चढवून ते समुद्रात सोडलं जातं.

आता इथे कोलंबो काय करतो? तो वाइन शिकायला लागतो. दुकानात जाऊन जाणकाराचे धडे घेतो आणि एड्रियनकडे येऊन भाबडेपणाने प्रश्न विचारतो. हा भाबडेपणा निव्वळ सोंग आहे, असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. फॉकच्या चेहऱ्यावर पेला उचलताना जे कुतूहल दिसतं, ते खरं आहे. समोरचा माणूस ज्या विद्येत पारंगत आहे, तिच्याबद्दलचा आदर त्यात आहे. दारापर्यंत जाऊन कपाळावर हात मारत 'हां, आणखी एकच' म्हणून त्याचं ते परतणंही मग नुसता डाव वाटत नाही; चांगल्या विद्यार्थ्याला उठवत नाही, तसं ते आहे.

आणि मग हॉटेलातलं ते जेवण. कोलंबो एड्रियनला आणि त्याची सेक्रेटरी कॅरन हिला मेजवानी देतो. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन, हे त्याने इतकं अचूक ठरवलंय की एड्रियन मनापासून खूश होतो. शेवटी जुनी, दुर्मीळ पोर्ट येते. एड्रियन एक घोट घेतो आणि भडकतो. वाइन उष्णतेने नासली आहे! तानपुरा उतरलेला कळताच मैफल थांबवणाऱ्या गवयासारखा तो सर्वांसमोर संतापतो. कॅमेरा जेव्हा कोलंबोकडे जातो, तेव्हा फॉक जवळपास काहीच करत नाही. पण तपास तिथे पुरा झालेला असतो, कारण ती बाटली त्याने एड्रियनच्याच तळघरातून गुपचूप उचललेली असते. यंत्रणा बंद होती त्या दिवसांत कडक ऊन पडलं, अख्खा साठा वाया गेला, आणि हे ओळखू शकेल अशी जीभ त्या टेबलावर एकाच माणसाकडे होती. ज्या गुणामुळे एड्रियन मोठा, त्याच गुणाने त्याला पकडलं. यात दैवाचा हात नाही, योगायोग नाही. गुन्हेकथेत इतकी न्याय्य उकल मी क्वचितच पाहिली आहे.

ज्युली हॅरिसची कॅरन मात्र लेखकांनी जरा घाईत उरकली. तिने पोलिसांना खोटं सांगून मालकाला वाचवलंय आणि त्याची किंमत म्हणून तिला लग्न हवंय. त्यापेक्षा तुरुंग परवडला, असं एड्रियनला वाटतं. हा धागा कबुलीजबाबासाठी उपयोगी पडतो, पण इतक्या वर्षांच्या तिच्या एकटेपणाला त्यातून न्याय मिळत नाही.

शेवटी गाडीत दोघं एकत्र वाइन पितात, ती कोलंबोने निवडलेली. एड्रियन त्या निवडीला दाद देतो. अटक झालेल्या माणसाने पोलिसाला गुरूसारखी शाबासकी द्यावी आणि पोलिसाने ती मनापासून घ्यावी, हे प्लेझन्स आणि फॉक यांनी असं केलंय की त्यात गोडवा आहे पण माफी नाही. कोलंबो खुनाला खूनच म्हणतो.

1989 नंतरच्या भागांत ही तोल सांभाळण्याची कला थोडी सैल झाली. म्हणून नव्याने बघणाऱ्यांनी सत्तरच्या दशकातलेच भाग आधी घ्यावेत. हा बघून झाला की 1971 चा 'मर्डर बाय द बुक' लावा. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, तेव्हा जेमतेम पंचविशीचा.