‘सिग्नल नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

गच्चीवर बसवायच्या उपग्रह-तबकडीच्या खोक्यात एक छोटी माहितीपुस्तिका असते. तिच्या शेवटच्या पानावर तीन रकान्यांचा तक्ता छापलेला असतो : समस्या, संभाव्य कारण, उपाय. हौसेने स्वतः तबकडी बसवणारा माणूस बाकीची पाने उलटून आधी हेच पान गाठतो. पुस्तकपरीक्षणाच्या सदरात अशा पानाला कोणी जागा देत नाही. पण हेही वैज्ञानिक लेखनच आहे आणि ज्या घरांत विज्ञानाचे दुसरे पुस्तक नसते तिथेही ते पोचते. म्हणून या लेखात एखाद्या कंपनीच्या पुस्तिकेचे नव्हे, तर ‘समस्यानिवारण तक्ता’ या लेखनप्रकाराचेच परीक्षण करू.

शिक्षकांनी यात लक्ष घालण्याला एक ताजे कारण आहे. दूरदर्शनची मासिक वर्गणी नसलेली थेट उपग्रहसेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज ती डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाते. मे २०२० मध्ये शाळा बंद असताना पीएम ई-विद्या कार्यक्रम जाहीर झाला आणि त्यात पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेसाठी एक वाहिनी ठरली. ज्या घरात इंटरनेट नव्हते तिथे गच्चीवरची तबकडी हाच वर्ग होता. अशा वेळी पडद्यावर ‘सिग्नल नाही’ ही अक्षरे उमटली की त्या मुलाचा वर्ग बुडाला. मग हातात उरतो तो हा तक्ता. तो कितपत उपयोगी पडतो?

आधी त्याचे गुण सांगू. तक्ता थोडक्यात असतो. स्वस्त आणि सोप्या तपासण्या तो आधी सांगतो : वीज चालू आहे का, केबल घट्ट आहे का, पडद्याला योग्य जोडणी निवडली आहे का. हा क्रम शहाणपणाचा आहे. केबल काढण्यापूर्वी संच बंद करा, हीही सूचना बऱ्याच तक्त्यांत असते आणि ती महत्त्वाची आहे, कारण तबकडीवरील एल.एन.बी.ला (लहरी गोळा करून त्यांचे प्रवर्धन करणाऱ्या डबीला) लागणारा १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा याच केबलमधून वर जातो. अडचण याच्या पुढे सुरू होते.

पहिला दोष भाषेचा आहे. ‘सिग्नल नाही’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या अवस्था कोंबलेल्या असतात. बहुतेक संचांच्या यादीत दोन पट्ट्या दिसतात, एक तीव्रतेची आणि दुसरी गुणवत्तेची. तीव्रता म्हणजे केबलमधून येणारी एकूण शक्ती. तीत उपग्रहाची लहर असते, तसाच एल.एन.बी.चा स्वतःचा आणि आकाशाचा रव, म्हणजे गोंगाटही असतो. एल.एन.बी. या साऱ्याला सुमारे ५० ते ६० डेसिबेलने, म्हणजे लाख ते दहा लाख पटींनी वाढवते. म्हणून तबकडी मोकळ्या आकाशाकडे वळवली तरी तीव्रतेची पट्टी बरीच भरलेली दिसते. गुणवत्ता मात्र त्या गोंगाटातून संदेश कितपत शुद्ध वेचता येतो हे सांगते.

हे कळले की अर्धे काम झाले. तीव्रता नाहीच, तर दोष केबल, कनेक्टर, विद्युतपुरवठा किंवा एल.एन.बी. यांत शोधायचा, तबकडीला हात लावण्याचे कारण नाही. तीव्रता भरपूर आणि गुणवत्ता शून्य, तर केबल आणि एल.एन.बी. बहुधा जिवंत आहेत. दिशा, अडथळा किंवा संचातील वारंवारतेची नोंद तपासायची. दोन्ही आकडे चांगले आणि तरी वाहिनी दिसत नाही, तर वाहिन्यांचा शोध पुन्हा घ्यायचा, किंवा तिची संकेतनपद्धती आपल्या संचाला वाचता येते का ते पाहायचे. तक्ता मात्र तिन्ही वेळा ‘तबकडीची दिशा तपासा’ असे सांगतो आणि चांगली बसलेली तबकडी हलवली जाते.

या पट्ट्यांवरचे टक्के प्रत्येक संचात वेगळे असतात, त्यांना प्रमाणित एकक नाही. पण विद्यार्थी आपली मोजपट्टी स्वतः बनवू शकतात. संच बंद करून केबल काढा, पुन्हा चालू करून आकडा टिपा : हा आपला शून्य. मग तशाच रीतीने केबल जोडा आणि तबकडीसमोर पत्र्याचा तुकडा धरून आकडा टिपा : हा केवळ गोंगाट. शेवटी पत्रा काढून, निरभ्र दिवशी दोन्ही आकडे टिपा. या नोंदीचा कागद संचाजवळ चिकटवून ठेवावा. अंकीय प्रक्षेपणात चित्र हळूहळू पुसट होत नाही. गुणवत्ता एका मर्यादेच्या वर असेल तोवर ते स्वच्छ दिसते, तिच्याखाली गेली की चौकोन पडून थिजते. त्यामुळे केवळ चित्र पाहून आपण त्या मर्यादेपासून किती दूर आहोत हे कळत नाही. निरोगी माणसाचा रक्तदाब ठाऊक असावा तसा हा आकडा आधीच ठाऊक असावा लागतो. अशी नोंद करा म्हणून सांगणारी ओळ तक्त्यात नसते.

दुसरा दोष तर्काचा आहे. तक्ता कारणांची यादी देतो, पण त्यांतून एक निवडण्याची कसोटी देत नाही. ‘पाऊस’ हे कारण घ्या. केयू पट्ट्यातील लहरींची वारंवारता सुमारे ११ ते १२ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी अडीच-पावणेतीन सेंटिमीटर असते. मुसळधार पावसाचे थेंब या लहरी शोषतात आणि विखुरतात. सर ओसरली की काही मिनिटांत चित्र परत येते. पण पाऊस थांबून चार तास झाले तरी चित्र नसेल, तर पाणी एफ-कनेक्टरमध्ये किंवा केबलच्या जाळीत शिरले आहे. पहिल्यावर उपाय म्हणजे थांबणे किंवा मोठी तबकडी. दुसऱ्यावर केबलचे टोक कापून नवा कनेक्टर लावणे आणि केबलला खाली झोळ देणे, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथून गळून पडेल. दोन्ही दोष ‘पाऊस’ या एका शब्दात मावतात. त्यांना वेगळे करते ते फक्त घड्याळ.

दोष केव्हा येतो हे विचारले की आणखी बरेच उलगडते. वाऱ्याबरोबर चित्र जाते, तर खांबाचे बोल्ट सैल आहेत. अनेक महिन्यांत हळूहळू गुणवत्ता उतरली, तर समोरचे झाड वाढले असावे. आणि वर्षातून दोनदा, काही दिवस, ठरावीक वेळी काही मिनिटे गुणवत्ता घसरली, तर सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आला आहे आणि त्याच्या रेडिओ-गोंगाटात संदेश बुडाला आहे. पुण्याहून ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ कडे पाहिल्यास ही वेळ मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी अकराच्या आसपास येते. या योगाचा वर्गासाठी सुंदर उपयोग आहे. त्या मिनिटांत सूर्यकिरण उपग्रहाच्याच वाटेने येतात. तेव्हा तबकडीवर फांदीची किंवा भिंतीची सावली पडली असेल, तर तीच फांदी किंवा भिंत उपग्रहाच्या वाटेत आहे.

तिसरा दोष भूगोलाचा आहे. ‘तबकडीचे तोंड आग्नेयेकडे करा’ ही सूचना सबंध महाराष्ट्राला एकच कशी चालेल? जीसॅट-१५ साठी उत्तरेकडून पूर्वेकडे मोजलेला दिगंश पुण्यात सुमारे १३२ अंश, नागपुरात १४५ अंश आणि पणजीत १२७ अंश येतो. क्षितिजापासूनची उंची अनुक्रमे सुमारे ५९, ६० आणि ६१ अंश. आता ६० सेंटिमीटर तबकडीचा झोत किती रुंद? तरंगलांबीला व्यासाने भागून ७० ने गुणले की अंशांत अंदाज मिळतो : सुमारे तीन अंश. एका अंशाची चूक खपून जाते, दोन अंशांच्या चुकीत जवळपास दोन तृतीयांश शक्ती जाते. ‘आग्नेय’ हा शब्द तर आठ दिशांच्या हिशेबाने ४५ अंशांचा पट्टा व्यापतो! होकायंत्र वापरावे, पण लोखंडी कठडा आणि स्लॅबमधील सळया यांच्यापासून दूर उभे राहून.

उंचीच्या कोनात आणखी एक खोच आहे. घरगुती तबकड्या बहुधा ‘ऑफसेट’ जातीच्या असतात, म्हणजे अन्वस्त पृष्ठाचा मधला नव्हे तर बाजूचा तुकडा. त्यामुळे एल.एन.बी.ची सावली तबकडीवर पडत नाही. पण तबकडी दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर ‘पाहत’ असते. पुण्यात ५९ अंशांवरचा उपग्रह गाठताना तिची कड उभ्या रेषेपासून ३४ ते ३९ अंशच कलते. हे न सांगता नुसता ५९ हा आकडा दिला, तर हौशी माणूस तबकडी थेट ५९ अंशांनी कलवतो आणि तासन् तास रिकामे आकाश चाळत बसतो.

एल.एन.बी. स्वतःभोवती किती फिरवायची हाही भूगोलाचाच प्रश्न. उपग्रहाचे रेखीय ध्रुवण विषुववृत्ताच्या पातळीशी जुळवलेले असेल, तर पुण्यासाठी हा कोन सुमारे ४५ अंश येतो. बारावीत शिकवलेला मॅलसचा नियम इथे कामाला येतो : ४५ अंशांची चूक म्हणजे अर्धी शक्ती, ९० अंशांची चूक म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

चौथा दोष सर्वांत महागात पडतो. गुणवत्ता कमी पडली की ‘प्रवर्धक बसवा’ असा सल्ला तक्त्यात नसला तरी दुकानात मिळतो. प्रवर्धक केबलमधली घट भरून काढतो हे खरे. शंभर मीटर केबलमध्ये वीस-तीस डेसिबेल घट होते, तेव्हा लांब केबलीसाठी तो उपयोगी आहे. पण एल.एन.बी.ने उचललेला संदेश आणि गोंगाट या दोघांनाही तो सारखाच वाढवतो. तीव्रतेची पट्टी टोकाला जाते, गुणवत्ता जागच्या जागी राहते. संदेश आणि गोंगाट यांचे गुणोत्तर सुधारायचे असेल तर अधिक लहरी गोळा कराव्या लागतात. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची तबकडी घेतली की क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. किंवा आहे तीच तबकडी नीट रोखावी लागते.

तबकडीच्या पृष्ठाबद्दल तक्ते बहुधा गप्प असतात. त्यासाठी १९७५-७६ च्या साईट प्रयोगाकडे पाहावे. एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोचवले गेले आणि त्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या तबकड्या वापरल्या गेल्या. तिथे वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ, तरंगलांबी ३५ सेंटिमीटर होती. एवढ्या लांब लहरीला जाळीची भोके जाणवत नाहीत. आजच्या पावणेतीन सेंटिमीटरच्या लहरीचे तसे नाही. पृष्ठभर सरासरी पावणेदोन मिलिमीटरचा ओबडधोबडपणा आला तरी मिळणारी शक्ती निम्म्याजवळ येते. म्हणून चेंडू लागून दबलेली किंवा गच्चीत पाय पडून वाकलेली तबकडी दिसायला धड असली तरी तिच्यावर संशय घ्यावा.

या सगळ्या दोषांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तक्ता वाचणाऱ्याला हुकूम पाळणारा मानतो, अनुमान करणारा मानत नाही. ‘सर्व जोडण्या तपासा, दिशा तपासा, संच पुन्हा सुरू करा’ असे एकदम करून चित्र परत आले, तर दोष कशात होता हे कळतच नाही आणि पुढच्या महिन्यात तो परत आला की सारे पहिल्यापासून. शास्त्रज्ञ काय करतो? साखळी मधोमध तोडून पाहतो, एका वेळी एकच गोष्ट बदलतो, बदलाआधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवतो. शेजारचा चालू असलेला संच दहा मिनिटांसाठी आणून जोडला, तरी गच्चीवरचा आणि घरातला भाग वेगळा करता येतो. तक्त्यात एक चौथा रकाना हवा : ‘हेच कारण आहे हे कसे ओळखाल?’ तेवढ्याने तो माहितीच्या पानाचा प्रयोगाचा धडा होईल.

हा रकाना भरण्याचे काम नववी ते बारावीच्या मुलांना देता येईल. शाळेतील किंवा एखाद्या घरातील चालू तबकडी घ्यावी, शिक्षकांनी सोबत राहावे, कठडा नसलेल्या गच्चीवर आणि ढग गडगडत असताना कोणी चढू नये. तबकडी हलवण्यापूर्वी खांबावर खडूने खूण करावी. मग मुलांनी एकेक दोष मुद्दाम निर्माण करावा : एल.एन.बी. तीस अंश फिरवणे, तबकडी दोन अंश सरकवणे, संचात ९,७५० ऐवजी १०,६०० मेगाहर्ट्झची स्थानिक वारंवारता भरणे. शेवटच्या दोषात ११,५०० मेगाहर्ट्झची लहर केबलमध्ये १,७५० ऐवजी ९०० वर उतरते आणि संचाच्या ९५० ते २,१५० या पट्ट्याबाहेर पडते; हे मुलांनी वजाबाकी करून आधी सांगावे, मग पडद्यावर पडताळावे. प्रत्येक वेळी दोन्ही पट्ट्यांचे आकडे टिपावेत. अशा नोंदींतून तयार झालेला तक्ता छापील तक्त्यापेक्षा आपल्या गावासाठी अधिक खरा असेल. तो शाळेच्या सूचनाफलकावर लावावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात गावात कोणाचे चित्र गेले तर त्याला तिथे येऊन वाचता येईल.